सोसायटी ग्रुप : कर्ज फिटल्यावर बोजा कसा उतरवायचा

ए-३०४ : सेक्रेटरी काका, गृहकर्जाचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचं 'नो ड्यूज' पत्र आलंय. ते ऑफिसात दिलं की काम संपलं ना?

बी-१०१ (सेक्रेटरी) : सोसायटीपुरतं संपेल, तेही अर्धंच. पत्र मिळालं की आमच्या रजिस्टरमधली बँकेच्या बोज्याची, म्हणजे कर्जापोटी फ्लॅटवर असलेल्या हक्काची, नोंद रद्द होते. शेअर सर्टिफिकेटवर नोंद असेल तर तीही रद्द करून सही-शिक्का द्यावा लागतो, आणि त्याला मूळ सर्टिफिकेट लागतं. ते बहुतेक वेळा बँकेच्याच पाकिटात असतं. पुढचं सी-६०२ ताईंना विचारा.

सी-६०२ (वकील) : नो ड्यूज पत्र म्हणजे देणं संपल्याचा पुरावा, बस. गहाण सुटल्याचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार आहेत. फ्लॅटच्या कर्जात बहुधा मूळ दस्त बँकेकडे ठेवून केलेलं गहाण असतं. तिथे नोंदणीकृत गहाणखत लागत नाही, तारण म्हणून कागद बँकेच्या हवाली केले की गहाण झालं. मग सोडवतानाही सगळा भर कागद पूर्ण परत येण्यावरच असतो.

आधी आपलं गहाण कोणत्या प्रकारचं आहे ते मंजुरीच्या पत्रात बघा. दुय्यम निबंधकाकडे गहाणखत नोंदवलं असेल तर बँकेकडून गहाणमुक्तीचा दस्तही तिथेच नोंदवून घ्यावा लागतो. साध्या पत्रावर ते भागत नाही.

डी-२०३ (निवृत्त बँक अधिकारी) : ताईंचं अगदी बरोबर. कागद घेताना घाई नको. कर्ज घेतलं तेव्हा बँकेनं दस्तऐवजांची यादी दिलेली असते, ती सोबत न्या. यादीत 'करारनामा' एवढंच लिहिलेलं असतं, पण पाकिटात त्याच्याबरोबर नोंदणीची मूळ पावती हवी, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा, 'इंडेक्स टू') हवी. दस्त क्रमांक आणि वर्ष तिन्हींवर जुळवून बघा. फ्लॅट रीसेलचा असेल तर बिल्डरपासूनचे सगळे मागचे करारनामे, आणि प्रत्येकाची वेगळी पावती. सगळ्यात जास्त हरवते ती ही पावतीच, कारण ती सुटा कागद असते. करारनाम्याची पानंही मोजा. स्कॅनिंगसाठी दस्त सोडवला की परत लावताना एखादं पान राहून जातं. काही कमी असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा. 'सर्व कागद मिळाले' यावर एकदा सही गेली की पुढे भांडणं फार अवघड.

ए-३०४ : आणि बँकेनं कागदच लांबवले तर?

डी-२०३ : रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत करायचे आहेत त्या सगळ्यांना ते लागू आहे. कागद हरवले असतील तर प्रमाणित प्रती काढायला मदत आणि त्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर मोजायची. फेडीची तारीख दाखवणारा खातेउतारा जपून ठेवा, मोजणी तिथूनच होते.

सी-६०२ : 'बोजाही काढायचा' हे महत्त्वाचं, तिथेच लोक थांबतात. केंद्राची सेरसाई नावाची नोंदवही आहे, ३१ मार्च २०११ पासून. कर्ज देताना बँक तिथे तारण नोंदवते. फेडीनंतर ते तारण संपल्याचं तिथे बँकेनेच दाखवायचं असतं, आपण नाही. थोडी फी भरून ऑनलाइन शोध कुणालाही घेता येतो. एकदा घ्याच. नाहीतर फ्लॅट विकायला काढल्यावर खरेदीदाराच्या बँकेला जुना बोजा दिसतो आणि त्याचं कर्ज अडतं.

शिवाय महाराष्ट्रात २०१३ पासून मूळ दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांत नोंदणी विभागाकडे दाखल करावी लागते. शोध घेतला की ती दिसते. म्हणून बँकेच्या पत्रात त्या सूचनेचा क्रमांक आणि तारीख घालून घ्या. नुसता कर्जखाते क्रमांक पुरत नाही.

बी-४०३ : कर्जासोबत घेतलेली आयुर्विमा पॉलिसी बँकेच्या नावे केली होती, तिचं?

डी-२०३ : ती वेगळी परत नावावर करून घ्यायची, बँकेचं पत्र विमा कंपनीला देऊन. गाडीचंही तसंच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय आरसीवरून एचपी, म्हणजे बँकेच्या तारणाची नोंद, उतरत नाही.

ए-१०२ : सोनेतारणाला पण हेच नियम का?

सी-६०२ : नाही. सोनं जंगम, ते करार कायदा १८७२ च्या तारणाच्या कलमांत येतं. फ्लॅट गहाण असताना राहतो आपल्याच ताब्यात, सोनं मात्र त्यांच्या तिजोरीत जातं. थकलं तर कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊन ते विकता येतं. येणं वळतं करून उरलेली रक्कम तुमची, ती मागायचीच. आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून सोनं सोडवता येतं, कलम १७७. फ्लॅटचं तसं नाही हे नीट लक्षात घ्या. सरफेसी कायद्यात (बँकांना थकलेल्या कर्जाची तारण मालमत्ता विकू देणारा कायदा) २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच पूर्ण रक्कम भरावी लागते. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावून उपयोग नाही.

ए-१०२ : सोन्याचं कर्ज फिटलं तरी 'तुम्ही दुसऱ्याला जामीन आहात' म्हणून अडवतात म्हणे?

सी-६०२ : कलम १७४ सांगतं की तसा करार नसेल तर एका कर्जाचं तारण दुसऱ्या देण्यासाठी अडवता येत नाही. पण बँका कलम १७१ च्या सर्वसाधारण धारणाधिकारावर, म्हणजे येणं फिटेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याच्या हक्कावर, बोट ठेवतात, आणि छापील फॉर्मात 'इतर सर्व देण्यांसाठीही' असं वाक्य बहुधा असतंच. सही करायच्या आधी तेवढी ओळ शोधा.

सी-२०१ : गावाकडे खासगी सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच करून मागतो. 'पैसे दिले की परत करून देतो' असं वेगळ्या स्टॅम्पवर लिहून देतो. चालेल का?

सी-६०२ : अजिबात करू नका. खरेदीच्या रूपातलं गहाण कायद्याला मान्य आहे, पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(क) च्या परंतुकाप्रमाणे (त्यातल्या अटीप्रमाणे) परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली हवी. वेगळ्या कागदावर असेल तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही, खरी विक्री ठरते. गहाण असेल तर सोडवण्यासाठी दाव्याची मुदत ३० वर्षांची मिळते. विक्री ठरली तर सोडवण्याचा हक्कच उरत नाही. आधीच सही झाली असेल तर सावकाराला परवाना आहे का ते बघा आणि जिल्हा उपनिबंधकाकडे २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली अर्ज करा. सावकारीत हडपलेली मालमत्ता परत देण्याची तरतूद त्यात आहे.

बी-१०१ (सेक्रेटरी) : ए-३०४, बँकेतून सर्टिफिकेट आलं की नो ड्यूजच्या प्रतीसह ऑफिसात द्या. कमिटीच्या पुढच्या सभेत नोंद रद्द करून परत देतो. पोच घेतल्याशिवाय मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्याही नाही.