मदत हवी आहे: एसीसाठी बाहेरच्या भिंतीत भोक किती बाय किती ठेवावे?

घामाघूम:
नागपुरात धरमपेठेत आमचे जुने घर आहे. आईच्या खोलीला एकच खिडकी असून ती वाऱ्यासाठी मोकळी ठेवायची आहे, म्हणून भावाने दिलेला दीड टनी एसी बाहेरच्या भिंतीतून बसवायचे ठरले आहे. मिस्त्री सोमवारी येणार आहे आणि एसीवाला भोक तयार झाल्याशिवाय यायला तयार नाही. कृपया फक्त माप सांगावे.

विटकर:
एसी विंडो आहे की स्प्लिट? भिंत किती जाडीची आहे, आणि तिच्यावर छताचा भार आहे का? हे कळल्याशिवाय माप सांगणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल शिवण्यासारखे आहे.

वाळ्याचा पडदा:
नागपुरात एसी कशाला हवा? मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलरइतके सुख दुसरे नाही. दर वर्षी ताट्या तेवढ्या बदलाव्यात.

घामाघूम:
कूलरच्या दमट हवेने आईचा दमा वाढतो. एसी विंडोच आहे, आणि भिंतीवर स्लॅब आहे.

अंबरनाथी:
आम्ही लिंटल (भोकावरची भार पेलणारी आडवी तुळई) न टाकताच भिंत फोडून विंडो एसी बसवला, सहा वर्षांत काहीही झाले नाही. मिस्त्रीला उगाच खर्चात पाडू नका.

विटकर:
अंबरनाथी, तुमची भिंत बहुधा आरसीसी चौकटीतली, नुसती भराव भिंत असेल. इथे स्लॅबचा भार विटांवरच आहे. भोकाच्या वरच्या विटा स्वतःचा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना ढकलतात, पण स्लॅबचा भार त्या पेलतीलच असे नाही. आधी धीरे (तात्पुरते टेकू) टेकवून भार उचलून धरावा, दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर टेकेल असे लिंटल बसवावे आणि मगच खालच्या विटा काढाव्यात. हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये.

तारतम्य:
एसीला स्वतंत्र वायरिंग आणि 16 अँपिअरचा सॉकेट आहे ना? शिवाय 2020 पासून नव्या एसींचे मूळ तापमान 24 अंशांवर ठेवलेले असते. तेच राहू द्यावे, बिल आटोक्यात राहते.

विटकर:
बिलाचे नंतर पाहू. घामाघूम, भिंतीची जाडी अजून आलेली नाही.

घामाघूम:
आत्ताच खिडकीच्या चौकटीपाशी फूटपट्टी लावून पाहिले. प्लास्टरसकट भिंत चौदा इंचांची आहे. एसी पुढून मागे सत्तावीस इंच लांब असून त्याच्या दोन्ही कुशींवरच्या जाळ्या पुढच्या तोंडापासून अकराव्या इंचाला सुरू होतात.

विटकर:
म्हणजे पुढचे तोंड खोलीतल्या भिंतीच्या बरोबरीला ठेवले, तर जाळ्यांचे पहिले तीन इंच भिंतीतच दडतील. कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, लागणारी बाहेरची हवा त्या जाळ्यांतूनच आत येते. त्या झाकल्या की यंत्र तापते, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो. एसी तीन-चार इंच खोलीत पुढे ओढला तर जाळ्या मोकळ्या राहतील खऱ्या, पण तेवढ्यासाठी भार पेलणारी भिंत फोडणे मला पटत नाही. त्यापेक्षा स्प्लिट घ्यावा. त्याच्या नळ्यांना कोअर कटरने (गोल भोक पाडणाऱ्या यंत्राने) पाडलेले सुमारे 65 मिलिमीटरचे भोक पुरते. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही आणि ठिबकणारे पाणी बाहेर जाईल.

अंबरनाथी:
चौदा इंच आधीच सांगितले असते तर मी काही बोललोच नसतो.

घामाघूम:
मिस्त्रीला फोन करून सोमवारचे काम थांबवले आहे. तो छिन्नी-हातोडा आजच ओसरीवर ठेवून गेला होता. आता, भावाला वाईट न वाटू देता त्याचा एसी परत कसा करावा?