जेफ बकलीचा 'ग्रेस': कुठली आवृत्ती घ्यावी?

सांजसूर: अमेरिकन गायक जेफ बकलीचं 'हालेलुया' ऐकलंय, अख्खा 'ग्रेस' अल्बम नाही. १९९४ची मूळ सीडी घ्यावी की २००४ची वाढीव 'लेगसी' आवृत्ती? आणि आज एवढं नाव असलेल्या अल्बमला तेव्हा समीक्षकांनी हातचं राखून का दाद दिली? शिवाय गिटारवर 'हालेलुया' वाजवताना कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) कितव्या फ्रेटवर (पडद्यावर)?

खर्जातला: आधी मूळ दहा गाणी, त्याच क्रमाने. लेगसीच्या दुसऱ्या सीडीवर 'फरगेट हर' आहे. बकलीने ते स्वतःच अल्बममधून काढून 'सो रिअल' घातलं होतं, त्यामुळे ते नंतरच ऐका. शेवटच्या 'ड्रीम ब्रदर'मध्ये तबला आहे, पण मिक्समध्ये मागे. फोनच्या स्पीकरवर हाती लागणार नाही. हेडफोन लावा.

तिसरी_घंटा: समीक्षेचं म्हणाल तर १९९४ म्हणजे ग्रंजचा, खरखरीत रॉकचा काळ. खरखरीत गळा म्हणजे सच्चा, असा हिशोब. त्यात हा पठ्ठ्या एकाच अल्बममध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं कॅरोल (धार्मिक गीत), 'लायलॅक वाइन' हे जुनं गाणं आणि लेड झेपलिनच्या वळणाचं रॉक गातो, तेही तार सप्तकात सहज फिरत. 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी तीन तारे दिले. तक्रार काय, तर मूळ लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' पेलायला हा पुरेसा पोळलेला वाटत नाही! त्याच मासिकाने २००३च्या पाचशे अल्बमांच्या यादीत 'ग्रेस'ला ३०३वा क्रमांक दिला. तेव्हा अमेरिकेच्या विक्री-यादीत अल्बम १४९च्या वर चढलाच नाही.

'बकली १९९७मध्ये बुडून गेला म्हणून अल्बम डोक्यावर घेतला' असं म्हणतात, ते मात्र अर्धंच खरं. फ्रान्सच्या शार्ल क्रो अकादमीचा पुरस्कार १९९५चा, म्हणजे तो जिवंत असतानाचा आहे.

खर्जातला: कॅपो पाचव्यावर, बोटांचे आकार जी पट्टीतल्या कॉर्डचे; ऐकू येते सी पट्टी. दादऱ्यासारखं सहा-सहा मोजा. पहिल्या कडव्यात पट्टीतला चौथा, पाचवा, मग मायनर, मेजर कॉर्ड असं गाण्याचे शब्दच सांगतात, तिथे सी, डी, ई मायनर, सी. पुढे डी, बी सेव्हन, ई मायनर. बहुतेकांचं बी सेव्हनला अडतं, कारण घाईत पहिली तार दाबायची राहते. तिथे दुसरा फ्रेट हवा. स्ट्रमिंग नको, एकेक तार छेडा. मांडणी मुळात वेल्श गायक जॉन केलच्या १९९१च्या गायनावरून घेतलेली आहे, तेही ऐकून ठेवा.

सांजसूर: मूळ सीडीच घेतो. तबल्यानंतर पुढे काय?

तिसरी_घंटा: 'लाइव्ह अ‍ॅट शिने'ची २००३ची लेगसी आवृत्ती, न्यूयॉर्कच्या शिने कॅफेतली मैफल. एक माणूस, एक इलेक्ट्रिक गिटार, आणि मध्येच नुसरतची 'ये जो हलका हलका सुरूर है'. उर्दू उच्चार माफ करायचे.