मदत हवी आहे: मानेत गाठ नाही, तरी मानेचं ऑपरेशन का?

नमस्कार. ऐरोलीत राहते. बाबा ६१ वर्षांचे. चाळीस वर्षं तंबाखू-चुना, तोही कायम डाव्या गालात. गणपतीच्या सुमारास लक्षात आलं की ते भाकरी आमटीत पार भिजवून उजवीकडूनच चावतायत. विचारलं तर म्हणे, "दाढ टोचते." जवळच्या एका दवाखान्यात दाढ घासून दिली, जेल दिलं, ते संपलं की पुन्हा जेल. सात आठवडे गेले. चूक आमचीही आहे, घरात कोणी टॉर्च मारून बघितलंच नाही. मी बघितलं तेव्हा पांढऱ्या चट्ट्याच्या मधोमध लालसर व्रण होता, रुपयापेक्षा लहान, कडा उचललेल्या, बोटाला बुडाशी कडक लागणारा. फारसा दुखत नव्हता, म्हणून तर बाबा गप्प.

दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच तुकडा तपासायला पाठवला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. एमआरआयमध्ये १.८ सेंमी, खोली ६ मिमी, जबड्याचं हाड मोकळं, मानेत संशयास्पद काही नाही. कागदावर टी२ एन० लिहिलंय, म्हणजे गाठ दुसऱ्या पायरीची आणि मानेतल्या ग्रंथींत काही दिसत नाही. सर्जन म्हणाले, लवकर सापडलंय. गालातला भाग भोवतीच्या सेंटीमीटरभर चांगल्या भागासकट काढू आणि त्याच वेळी डाव्या मानेतल्या ग्रंथीही काढू.

इथे घोडं अडलंय. बाबांचं म्हणणं, "मानेत काही नाही म्हणता, मग मान कशाला चिरता?" मलाही उत्तर देता आलं नाही. शिवाय काकांचं चालूच आहे, सुरी लागली की पसरतं. त्यांना मी बघते. पण २ सेंमीच्या आत असून टी२ कसं? दुसरं मत टाटा हॉस्पिटलच्या परळला घ्यावं की खारघरला? आणि ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी नंतरचे हाल खरे सांगा. धीर नको, तपशील हवेत.

प्रतिसाद १
टी२ खोलीमुळे. आता नुसती लांबी-रुंदी बघत नाहीत, ५ मिमीपेक्षा खोल गेलं की टी१ राहत नाही. मानेचं म्हणाल तर ग्रंथींत पोचलेल्या कॅन्सरच्या मोजक्या पेशी एमआरआयला दिसत नाहीत, ग्रंथी काढल्यावर मायक्रोस्कोपखाली दिसतात. नेमका हाच प्रश्न घेऊन टाटाच्या डॉक्टरांनी मोठी चाचणी केली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीलाच मानेचं ऑपरेशन केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ आली तर बघू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. बाबांना हेच दोन आकडे सांगा. आणि तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही, हे काकांना.

प्रतिसाद २
आम्ही कळव्याचे, मिस्टरांचं दोन वर्षांपूर्वी झालं. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक टाटाचंच आहे, तुम्हाला ऐरोलीहून पनवेल लोकल सरळ पडेल. नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या (काढलेल्या तुकड्याच्या) स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, मागून घ्या, ते पुन्हा तपासतात. रेशनकार्ड असेल तर सरकारच्या महात्मा फुले योजनेचं तिथेच विचारा.

हाल विचारलेत म्हणून सांगते. नाकातून नळी, मानेला ड्रेन (साचलेलं पाणी-रक्त काढायची नळी), आठवडाभर बोलणं खुणांनी. ते निभतं. खरा त्रास खांद्याचा. हात वर जाईना, केस मी विंचरायचे. फिजिओथेरपी पहिल्या महिन्यात टाळली ती आमची चूक. दुसरं तोंड उघडण्याचं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची. आत्ता बाबांच्या तोंडात किती बोटं उभी जातात ते बघून ठेवा. अंतिम रिपोर्टमध्ये ग्रंथीत काही निघालं तर रेडिएशन लागू शकतं, साधारण सहा आठवडे. किडके दात असतील तर त्याआधी दाखवून घ्या.

धागाकर्ती
दोघांचे आभार. बोटं दोनच जातायत, तीही ओढून. आकडे बाबांना वाचून दाखवले. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आपल्याच लोकांवर बघितलंय ना? मग चिरू दे." सोमवारी खारघरला जातोय, स्लाइड आज संध्याकाळी मिळतील.

एक राहिलंच. चुन्याची डबी अजून उशीखाली आहे. मी उचलली तर नवी येते. ज्यांच्या घरी सुटलंय त्यांनी ऑपरेशनच्या आधी कशी सोडवली?