अनुभव धागा: हॉस्टेलवरच्या मुलांची काळजी वाटली तेव्हा तुम्ही काय केलंत?

लेक पुण्यात इंजिनिअरिंगला, सेकंड इयर, आणि आम्ही लातूरला. दिवाळीनंतर फोन एकदम कमी झालेत, केला की "नंतर करते गं" आणि ते नंतर काही येत नाही, व्हिडिओ कॉल तर बंदच. मी उगाच डोक्यात घेते असं घरचे म्हणतात. सल्ले नकोत, तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा.

*

आमचा मुलगा इयर डाऊन झाला होता आणि आम्हाला सात-आठ महिने पत्ता नाही! "रिझल्ट लागायचाय", "रिव्हॅल्युएशनला टाकलंय" असं चालू होतं आणि आम्हीही मान डोलवत होतो कारण आम्हाला तेच ऐकायचं होतं. शेवटी त्याच्या जीएफएम मॅडमना (कॉलेजात मुलांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या प्राध्यापिका) फोन केला, त्यांनी अटेंडन्स सांगितला, मी मटकन खालीच बसले. (जीएफएमचा नंबर पहिल्याच वर्षी घेऊन ठेवा, रूममेटचाही.) पण त्याच रात्री त्याला फोनवर झापलं ही माझी घोडचूक, पंधरा दिवस त्याने फोन उचलला नाही. आधी गाडीत बसायला हवं होतं.

*

मुलगी इंग्लंडात मास्टर्सला. तीन दिवस मेसेजवर एकच टिक. युनिव्हर्सिटीला फोन केला तर म्हणे ती सज्ञान आहे, तिची माहिती देता येणार नाही. मी रडकुंडीला. मग समजलं की ते सांगणार नाहीत पण आपलं ऐकून घेतात, "काळजी वाटतेय, कुणी जाऊन बघा" म्हटल्यावर सिक्युरिटीवाल्याने दार वाजवलं. ताप होता आणि घाबरून खोलीतच बसलेली, तिथल्या जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) नावनोंदणीसुद्धा केली नव्हती. ते पोचल्यापोचल्या करून घ्या.

*

मी पालक नाही, तेव्हाचा हॉस्टेलवाला. आई रोज अभ्यासाचं विचारायची म्हणून मी फोन टाळायचो. एकदा बाबा न सांगता एसटीने आले, काही विचारलं नाही, खोली बघितली, गादी गच्चीवर उन्हात टाकली, दोघं मेसमध्ये जेवलो. संध्याकाळी ते निघताना मीच बोलायला लागलो. त्यांची गाडी चुकली.

*

एकच भर घालते. मूल "जगून काय करू" असलं काही बोललं तर विषय बदलू नका. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का असं सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. आणि त्याला एकटं ठेवू नका, आपण लांब असू तर रूममेट, रेक्टर, कुणालाही तिथे बसवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात, मी आई म्हणून केला होता.

*

धागाकर्ती: सगळ्यांचं वाचलं. तिच्या रूममेटचा नंबर माझ्याकडे नाहीये हे आत्ता लक्षात आलं. शनिवारी निघतोय दोघं. तिला सांगून जावं की न सांगता?