कोडमध्ये कॉमेंट्स किती आणि कशा लिहायच्या? सल्ला हवा

अर्धविराम
नमस्कार मंडळी. नोकरीला लागून चार महिने झालेत, काम पायथॉनवर. कॉलेजात प्रॅक्टिकलचे मार्क मिळावेत म्हणून ओळीओळीवर कॉमेंट, म्हणजे कोड समजावणारी टीप, लिहायची सवय लागली. परवा रिव्ह्यूत सीनियरने जवळजवळ सगळ्या उडवायला लावल्या, वर 'मला कोड वाचता येतो' हेही ऐकवलं. मग ठेवायच्या कुठल्या? आणि मला सुचतं मराठीत. मराठीत लिहिल्या तर चालतं का?

खटपट्या
'काउंटर एकने वाढवला' छापाच्या असतील तर सीनियर बरोबर. दारावर 'ढकला' लिहितात, 'दार' नाही लिहीत.

जुनीजाणती
खटपट्या :)
अर्धविराम, बिलिंगमधलं उदाहरण देते. 'महिना ४ पेक्षा कमी असेल तर वर्षातून १ वजा.' कोड काय करतोय ते कुणालाही दिसतं. का करतोय? आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून फेब्रुवारी २०२४ चं बिल २०२३-२४ मध्ये जातं. ही एक ओळ वर नसली, तर जानेवारीपासून वर्ष मोजणारा एखादा सहकारी ती चूक समजून 'दुरुस्त' करून ठेवेल. अशी कॉमेंट कुणी काढायला सांगितली तर भांड.

आणि कोड बदललास की कॉमेंटही बदल. एकदा कॉमेंटमध्ये '३ वेळा प्रयत्न' होतं, कोडमध्ये ५. माझी अख्खी दुपार गेली, कारण मी कॉमेंटवर विश्वास ठेवला. पायथॉनची शैली-मार्गदर्शिका, पेप-८, तेच सांगते: कोडशी न जुळणारी कॉमेंट असण्यापेक्षा नसलेली बरी.

'लागेल कधीतरी' म्हणून कॉमेंट करून बंद ठेवलेला जुना कोड बिनधास्त उडव. जुन्या आवृत्त्या जपायला गिट कशाला आहे?

अर्धविराम
धन्यवाद ताई! तिहेरी अवतरणातल्या मजकुराचं काय? मी त्याच कॉमेंट्स समजत होतो.

खटपट्या
फंक्शनच्या सुरुवातीलाच असेल तर ती डॉकस्ट्रिंग, हेल्पमध्ये दिसते. ती ठेव. मध्येच कुठे असेल तर ती नुसती स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा), कॉमेंट नव्हेच. तिथे हॅश (#) वापर.

गच्चीवरून
थोडं अवांतर. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) एक कॉमेंट आहे: 'तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही.' युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी पुढे खुलासा केला की 'हे परीक्षेला येणार नाही' अशा अर्थाने ते लिहिलं होतं. वर तेच म्हणाले, खरी गोष्ट म्हणजे तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं!

मराठीचं म्हणशील तर पायथॉन ३ ला अडचण नाही, फाइल यूटीएफ-८ (देवनागरीही चालणारं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत) धरली जाते. पायथॉन २ मात्र एन्कोडिंग जाहीर केलं नसेल तर कॉमेंटमधल्या देवनागरीवरही अडून बसायचं. टीममध्ये कोण आहे ते बघ. आमच्याकडे दोघे चेन्नईचे आहेत, त्यामुळे इंग्रजीच.

अर्धविराम
आमच्याकडेही एक केरळची आहे, म्हणजे इंग्रजी. काल छाटणी केली, ४१ पैकी ६ उरल्या. त्यातली एक एप्रिलचीच निघाली, सीनियरने काढायला सांगितलेली. आता भांडायला जातो.