शब्दचर्चा: कचरा डेपोतून गॅस सुटला, तर त्याला म्हणायचं काय?

तेरणाकाठ
नगरपरिषदेच्या कचरा डेपोलगतच्या वस्तीसाठी एका पानाची सूचना मराठीत करायची आहे. इंग्रजी मसुद्याचा मथळा साधारण असा: लँडफिल गॅस रिलीज झाल्यास रिस्पॉन्ड करण्याची ऑथॉरिटी. त्याचं हाती आलेलं मराठी: ‘घातक भूभरण वायू मोचनास प्रतिसाद देण्याचे प्राधिकरण’. हे वाचून कोणाला काय कळणार? लँडफिल, रिलीज, रिस्पॉन्ड, ऑथॉरिटी या चारही शब्दांना पर्याय सुचवा. शब्दकोशातले नकोत, चालणारे हवेत.

दख्खनी
ऑथॉरिटीपासून सुरू करू. मराठीत त्याचे तीन तुकडे पडतात. प्राधिकरण म्हणजे संस्था, प्राधिकारी म्हणजे त्या पदावरचा माणूस आणि प्राधिकार किंवा नुसता अधिकार म्हणजे ती सत्ता. तुमच्या मथळ्यात तिसरा अर्थ आहे. ‘प्राधिकरण’ लिहिलंत तर लोक त्या नावाची पाटी शोधत फिरतील.

जाता जाता: आपल्याकडे याला जुना, मुरलेला शब्द आहे, अखत्यार. मूळ इख्तियार. पण तो आता एकाच वाक्यात उरलाय, ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही.’ म्हणून सूचनेत नको!

जुना कारकून
खरी मेख ‘रिलीज’मध्ये आहे. इथे जो शब्द वापराल तो तक्रारीचा अर्ज वेगळ्या दारावर नेतो.

‘उत्सर्जन’ म्हटलं की प्रकरण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन झालं किंवा होण्याची भीती असली, तरी जागेच्या प्रमुखाने मंडळाला लगेच कळवायचं असतं. कलम ३१-अ खाली मंडळ काम बंद करायला किंवा वीज-पाणी तोडायला लेखी सांगू शकतं.

‘अपघात’ म्हटलं की २०१६ च्या घनकचरा नियमांत नियम २५ होता; ते नियम २०२६ मध्ये बदलले. त्यात प्रभारी अधिकाऱ्याने नमुना ६ मध्ये स्थानिक संस्थेला कळवायचं होतं. अडचण अशी की डेपो नगरपरिषद स्वतःच चालवत असेल, तर कागद एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जातो.

‘उपद्रव’ हा शब्द लोकांना हलका वाटतो, पण त्याला दात आहेत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेचं १३३. जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी सशर्त आदेश काढतात: अमुक मुदतीत दूर करा, नाहीतर हजर राहून कारण सांगा. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये याच कलमावर ‘पैसे नाहीत’ ही सबब उडवून लावली होती.

‘आपत्ती’ मात्र जपून वापरा. २००५ च्या कायद्यात तिची व्याख्या आहे, बाधित भागातल्या लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची घटना. ती लागू झाली की जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं जिल्हा प्राधिकरण कलम ३४ खाली रस्ता बंद करू शकतं, प्रवेश रोखू शकतं. रोज येणाऱ्या वासाला आपत्ती म्हटलं तर अर्ज परत येईल.

तेरणाकाठ
आणि ‘गळती’? पेपरवाले तर तोच शब्द छापतात. ‘विसर्ग’ पण सुचवला होता कोणी.

मुरूम
विसर्ग नको हो. आपल्याकडे विसर्ग म्हटलं की जायकवाडीचे दरवाजे आणि क्यूसेक.

गळतीचं म्हणाल तर त्या शब्दात एक भोक गृहीत धरलंय. ते बुजवलं की संपलं. डेपो तसा नसतो. कचरा हवेविना कुजला की निम्म्याच्या आसपास मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो सगळ्या ढिगातून वाट काढतो. वरचा थर काळ्या मातीचा असेल तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि गॅस सरळ वर निघतो. पावसात माती फुगून भेगा मिटल्या की वरची वाट बंद, मग तोच गॅस मुरमातून, खडकाच्या सांध्यांतून आडवा सरकतो. विहीर, बोअरची खोली, तळघर, असं कुठंही निघतो. म्हणजे डेपो ‘शांत’ दिसतो तेव्हा शेजाऱ्याने जास्त सांभाळायचं. ‘बाहेर पडणे’ हे साधं क्रियापदच बरं.

आणि आपल्या डेपोला लँडफिल किंवा ‘भरावभूमी’ म्हणू नका. नियमांत लँडफिल आणि डंपसाइट वेगळे आहेत. तळाला अस्तर, वर आच्छादन, गॅस काढायच्या विहिरी असं बांधलेलं ते शास्त्रोक्त भरावस्थळ. त्यातलं काहीही न पाळता नुसता कचरा ओतला ती डंपसाइट, आपला डेपो. २०१८ मध्ये औरंगाबादच्या नारेगावला कचऱ्यावरून वाद पेटला तेव्हा सगळे डेपोच म्हणत होते, आणि शब्द बरोबर होता.

दख्खनी
मसुद्यात ‘मिथेन २५ टक्क्यांवर गेल्यास’ असं वाक्य आहे का? असेल तर आधी विचारा, टक्के कशाचे?

मुरूम
अगदी. घोळ तिथंच होतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला तर ठिणगीने स्फोट होतो. २०१६ च्या नियमांतली मर्यादा खालच्या स्फोट-मर्यादेच्या, म्हणजे त्या ५ टक्क्यांच्या, २५ टक्के होती, म्हणजे हवेच्या सव्वा टक्का. ‘मिथेन २५ टक्के’ लिहिलं की वीसपट फरक पडला. उलटही होतं. हवेत खरोखर २५ टक्के मिथेन असला तर तो १५ च्या वर आहे म्हणून ‘स्फोट होणार नाही’ म्हणणारे भेटतात. झाकण उघडलं, हवा शिरली की तो १५ वरून ५ वर उतरताना पूर्ण स्फोटक पट्ट्यातून जातो.

मीटरचंही तसंच. तापलेल्या मण्यावर गॅस जाळून मोजणाऱ्या सेन्सरला प्राणवायू लागतो. तो साधारण १० टक्क्यांखाली गेला की आकडा खोटा, कमी येतो. विहिरीत, पाइपात इन्फ्रारेड सेन्सरचं मीटर लागतं. आणि प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर माणूस आत उतरवायचा नाही, मग मिथेन शून्य दाखवो.

जुना कारकून
अमेरिकेचा नियम या बाबतीत भाषेच्या अंगाने बघण्यासारखा आहे. इमारतीत २५ टक्के, हद्दीवर १०० टक्के, दोन्ही त्याच स्फोट-मर्यादेचे. ओलांडलं तर बचावाची पावलं लगेच, ७ दिवसांत मोजमापाची नोंद, ६० दिवसांत उपाययोजना अमलात. आपल्या मसुद्यांत नुसतं ‘तत्काळ’ असतं. मुदत आकड्यात लिहा.

‘रिस्पॉन्ड’ला प्रतिसाद नको. प्रतिसाद प्रेक्षक देतात. ‘उपाय करणे’ लिहा. क्रियापदही बघा: कायद्याच्या मराठीत ‘करील’ म्हणजे करणं बंधनकारक, ‘करू शकेल’ म्हणजे त्याच्या मर्जीवर. वस्तीतल्या वाचकाला ‘मुख्याधिकारी पाहणी करतील’ हे भविष्य वाटतं, बंधन नाही. ‘मुख्याधिकाऱ्यांनी २४ तासांत पाहणी करायची आहे’ असं लिहा. पण २४ चा आकडा आधी त्यांच्याकडून मंजूर करून घ्या, तो कायद्यातला नाही.

तेरणाकाठ
मथळा असा करतो: ‘कचरा डेपोतून घातक वायू बाहेर पडल्यास उपाय कोणी करायचे, अधिकार कोणाला’. खाली पहिली ओळ: ‘सडक्या अंड्यासारखा वास आला तर लांब व्हा, ११२ वर कळवा.’ ठीक?

मुरूम
अर्धं ठीक. मिथेनला वास नसतो. वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. ‘वास थांबला तरी परत जाऊ नका, मोजून सांगेपर्यंत थांबा’ ही दुसरी ओळ हवीच.

दख्खनी
‘वायू’ खोडून ‘गॅस’ करा राव. गॅस म्हटलं की घरोघरी सिलिंडर आठवतो. काडी ओढायची नाही हे मग वेगळं सांगावं लागत नाही. तरी सांगाच.