'डिप्लॉय'ला मराठीत काय म्हणता? आणि एन्टरप्राइज सर्चला?

मूळ प्रश्न

आमच्या संस्थेचे जुने ठराव, परिपत्रकं, इतिवृत्तं असा ढीगभर कागद स्कॅन होऊन पडला आहे. त्यात शोध घेता यावा म्हणून मुंबई रीजनमधल्या (म्हणजे क्लाउड कंपनीच्या मुंबईतल्या केंद्रातल्या) भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर इलॅस्टिकसर्च नावाचं शोधाचं सॉफ्टवेअर टाकायचं ठरलंय. तांत्रिक बाजू सांभाळणारे लोक आहेत. माझ्याकडे कर्मचाऱ्यांसाठी मराठी माहितीपुस्तिका लिहायचं काम आलंय. हाती जो कच्चा खर्डा मिळाला त्यातलं पहिलंच वाक्य असं: 'उद्यम खोज सॉफ्टवेअर मेघ सेवकावर तैनात करणे.' आमच्या लेखनिक बाईंनी विचारलं, कुठल्या सेवकाला तैनात करायचंय? डिप्लॉय (सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवून चालू करणं), एन्टरप्राइज सर्च (संस्थेच्या आतल्या कागदपत्रांत शोध) आणि इंडेक्स (शोधासाठी शब्दांची नोंद), या तिन्हींसाठी तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद

ताई, 'तैनात' पहिलं खोडा. शब्द आपल्याकडे जुना आहे, हिंदीतून परवा आलेला नाही, पण तो माणसांचा शब्द आहे. पोलीस तैनात असतात, आपत्ती आली की बचाव पथक तैनात असतं. 'तैनाती फौज' तर शाळेच्या इतिहासात सगळ्यांनीच पाठ केलेली. 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने ती पदरात घेतली: खर्च पेशव्यांच्या माथी, हुकूम कंपनीचा. (भाड्याच्या क्लाउडला हे वर्णन चपखल बसतं, पण हा विनोद पुस्तिकेत नको.)

'उद्यम' आणि 'खोज' हे मात्र सरळ हिंदी. आणि सर्व्हरला सेवक म्हणणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी सर्व्हर रूममध्ये जाऊन यावं.

प्रतिसाद

पुण्यात आयटीत आहे. आम्ही दिवसभर डिप्लॉयच म्हणतो, पण जरा कान देऊन ऐकलं तर त्या एका शब्दाखाली चार-पाच मराठी क्रियापदं सर्रास चालू असतात. सर्व्हर 'उभा करतो'. त्यावर सॉफ्टवेअर 'टाकतो'. नवा कोड 'चढवतो'. सेटिंग 'लावतो'. सगळं तपासलं की 'लाईव्ह जातो' आणि फसलं की 'मागे घेतो'. टीममधला कोणीही 'सर्व्हर टाकला' म्हणणार नाही आणि 'कोड उभा केला'ही म्हणणार नाही.

म्हणून माझं मत, एकच नाम शोधत बसू नका. 'उपयोजन', 'परिनियोजन' असले शब्द वाचून कोणाला काय करायचंय ते कळत नाही. जिथे जे काम आहे तिथे त्याचं क्रियापद लिहा. शीर्षकात नाम लागतंच असेल तर 'उभारणी' घ्या.

जाता जाता: स्कॅन केलेल्या पानांचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालंय ना? नसेल तर शोधायला मजकूरच नाही, नुसती चित्रं आहेत. आणि एकच मशीन घेणार असाल तर क्लस्टरचा (इलॅस्टिकसर्च चालवणाऱ्या मशीनच्या गटाचा) स्थिती दाखवणारा रंग पिवळा दिसेल, घाबरू नका. इंडेक्सच्या प्रत्येक भागाची (शार्डची) एक नक्कल (रेप्लिका) दुसऱ्या मशीनवर ठेवायची असा इलॅस्टिकसर्चचा मूळ नियम आहे, दुसरं मशीनच नाही म्हणून तो कुरकुरतो. 'रेप्लिका'ला पुस्तिकेत 'नक्कल' चालेल. 'शार्ड'चं मराठी करू नका, वाचणाऱ्याला त्याची गरज नाही.

प्रतिसाद

एन्टरप्राइजला कोणीतरी 'आस्थापना' सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात त्या शब्दात व्यवसायाची जागा येते हे खरं. पण कुठल्याही कार्यालयात 'आस्थापना' म्हणजे रजा, बढती आणि सेवापुस्तक बघणारी शाखा. 'आस्थापना शोध' म्हटलं की लोक आपली वेतनवाढ शोधायला येतील. 'संस्थेच्या कागदपत्रांमधला शोध' लिहा. लांब आहे, पण कळतं.

प्रतिसाद

ग्रंथालयात काम करते, त्यामुळे इंडेक्सबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. 'अनुक्रमणिका' कृपया नको! ती पुस्तकाच्या सुरुवातीला असते आणि प्रकरणं ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लिहिलेली असते. इलॅस्टिकसर्च ज्याच्यावर उभं आहे ती ल्युसीन लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, तयार कोडची) बांधते ती पुस्तकाच्या शेवटची 'सूची': शब्द आधी, आणि पुढे तो कुठकुठल्या पानांवर आहे ते. 'पाणीपट्टी: 14, 87, 203' अशी ओळ असते ना, तेच. म्हणून 'सूची', आणि इंडेक्स करणे म्हणजे 'सूची बांधणे' किंवा 'सूचीत घेणे'.

पण सूची बांधणारा माणूस जे डोक्याने करतो ते यंत्र आपोआप करत नाही. 'पाणी', 'पाण्याचा', 'पाण्यासाठी' हे मी एकाच नोंदीखाली घेते. यंत्राला सामान्यरूप ठाऊक नाही, त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. इंग्रजीचे प्रत्यय तोडायची सोय त्यात आहे, हिंदी आणि बंगालीचीही आहे. मराठीची तयार मिळत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +1. हिंदीची सोय मात्र अर्धी उचलता येते. प्रत्यय तोडणारा भाग सोडा, फक्त लेखनभेद मिटवणारे दोन फिल्टर घ्या. त्याने ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसला जातो, म्हणजे टंकलेखनात चुकलेलं 'पाणि'ही सापडतं. किंमत अशी की 'दिन' आणि 'दीन' एकच होतात. ठरावांच्या ढिगात ते चालून जाईल. सामान्यरूपासाठी 'पाण' लिहून पुढे तारा (*) टाकायला शिकवा. 'पाणवठा' आणि 'पाणबुडी'ही येतील, पण काहीच न येण्यापेक्षा बरं.

आणखी एक: पुस्तिकेत 'शोध लावा' असं बटण नको. शोध एडिसन लावतो. कर्मचारी शोध घेतो, किंवा नुसतं 'शोधा'.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पहिलं पान आता असं लिहिलंय: 'संस्थेच्या कागदपत्रांमधला शोध. यासाठी क्लाउडवर सर्व्हर उभा करून त्यावर इलॅस्टिकसर्च बसवले आहे. नवीन कागद चढवला की तो सूचीत घेतला जातो आणि मग शोधात दिसतो.' 'टाकले'ऐवजी 'बसवले' केलं, छापील मजकुरात ते बरं दिसतं. ओसीआरचं विचारून सांगते.

प्रतिसाद

छान झालंय. ते दोन फिल्टर कागद चढवायच्या आधी लावून घ्या. नंतर बदलले तर बांधलेली सूची चालत नाही, सगळी नव्याने बांधावी लागते. पुस्तिकेत हे घालू नका, पण सर्व्हर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना आजच सांगा. सांगताना हेही विचारा की 9200 नंबरचं पोर्ट (इलॅस्टिकसर्चशी बोलायचा दरवाजा) बाहेरच्या जगाला बंद आहे ना.